जिवंत शक्तीचा वाद

तुळईस टांगलेला धोंडा व किल्ली देऊन घट्ट केलेली घड्याळाची कमान हीं दोन्ही वरकरणी निश्चल दिसतात. परंतु दोरी तोडिली अथवा कमानीचा अडसर काढिला, कीं दोहोंतूनहि गति उत्पन्न होते. ही गति तोंपर्यंत कोठें होती? शाळेंतील पुस्तक ‘स्थितिज ऊर्जा’ असें दोन शब्दांत उत्तर देऊन मोकळें होतें. या दोन शब्दांपर्यंत पोंचण्यास युरोपांतील विद्वानांस दीडशेंहून अधिक वर्षें लागलीं, हें मात्र त्यांत सहसा आढळत नाहीं.

वादास तोंड फुटलें तें १६८६ सालीं. वस्तूचें आकारमान व वेग यांचा गुणाकार हें गतीचें खरें माप असून विश्वांत तें कायम राहतें, असें देकार्तनें प्रतिपादिलें होतें. लायब्निट्झनें एक छोटा लेख लिहून त्यांतील दोष दाखविला. एक रत्तल वजन चार हात उंच नेण्यास जितके श्रम, तितकेच चार रत्तल वजन एक हात उचलण्यास पडतात, हें देकार्तचे अनुयायीहि मान्य करीत. आतां हीं दोन्ही खालीं सोडा. गॅलिलिओच्या नियमाप्रमाणें चौपट उंचीवरून पडणाऱ्यास वेग दुप्पटच मिळतो. म्हणजे देकार्तच्या मापानें एकाची शक्ति दोन, तर दुसऱ्याची चार! उलट वेगाचा वर्ग घेतला, कीं दोहोंकडे चारच येतात. या मापास लायब्निट्झनें पुढें ‘जिवंत शक्ति’ म्हटलें.

कमानीची गोष्टहि निराळी नाहीं. जितका ताण तितकें बळ, हा नियम रॉबर्ट हूकनें १६७८ त उघड केला होता. बळ शून्यापासून वाढत जातें, म्हणून श्रम सरासरी बळानें मोजावे लागतात, व दुप्पट ताणास ते चौपट पडतात. येथेंहि वर्गच! योहान बर्नुलीनें तर १७२७ त छापलेल्या निबंधांत कमानींनाच साक्षीस बोलाविलें: एका वेगाचा गोळा एक कमान मिटवितो, तर दुप्पट वेगाचा तसल्याच चार.

लायडनचे अध्यापक ग्राव्हेसांड यांनीं सारख्या आकाराचे पण निरनिराळ्या वजनांचे पितळी गोळे मऊ मातींत टाकून पाहिले. उंची वजनाच्या व्यस्त प्रमाणांत ठेविली, तर खळगे सारखेच पडत. हे गृहस्थ न्यूटनपंथी. तरीहि १७२२ त त्यांनीं आपलें मत बदललें. असा प्रामाणिकपणा विद्वानांत तेव्हांहि विरळाच होता.

पण या वादांत माझें मन गुंततें तें एमिली द्यु शातले या फ्रेंच विदुषीपाशीं. १७४० त निघालेल्या आपल्या पदार्थविज्ञानाच्या ग्रंथांत बाईंनीं लायब्निट्झचा पक्ष घेतला व मेरां या वजनदार पंडिताची चूक दाखविली. दुप्पट वेगाचा गोळा चौपट उंच चढतो खरा, पण त्यास वेळहि दुप्पट लागतो, असें मेरांच्या पक्षाचें म्हणणें. बाईंचें उत्तर असें, कीं जितके अडथळे मोडले तितकी शक्ति खर्ची पडली, मग वेळ कितीहि लागो. १७४१ त मेरांनीं खुलें पत्र छापिलें. बाईंनीं त्याच वर्षीं तितकेंच सडेतोड उत्तर दिलें. ज्यांच्यासह त्यांनीं सिरे येथें वर्षानुवर्षें अभ्यास केला ते व्हॉल्टेअरहि या प्रश्नीं विरुद्ध बाजूस होते!

१७४३ त दालांबेरनें हा सारा केवळ शब्दांचा वाद ठरविला. बळास काळानें गुणिलें तर देकार्तच्या बाजूचें माप मिळतें, अंतरानें गुणिलें तर लायब्निट्झचें, दोन्ही खरीं. गणितापुरता हा निकाल ठीक. मला तो घाईचा वाटतो. वर फेंकलेल्या धोंड्याचा वेग शिखरावर शून्य झाला, तेव्हां शक्ति गेली कोठें? हा प्रश्न त्या निकालानें सुटत नाहीं, व त्याचें उत्तर दुसऱ्याच मापाच्या पोटीं होतें.

तें उत्तर १८५३ त ग्लासगो येथें रँकिननें दिलें. उंच नेलेलें वजन व ताणलेली कमान यांतील सांठ्यास त्यानें एकच नांव ठेविलें. द्यु शातले तर १७४९ तच बाळंतपणानंतर अवघ्या सहा दिवसांनीं वारल्या होत्या. न्यूटनच्या ‘प्रिन्सिपिया’चें त्यांनीं केलेलें फ्रेंच भाषांतर त्यांच्यामागें १७५९ त प्रसिद्ध झालें, तें फ्रान्सांत अद्याप वाचलें जातें.