रॉबिन्सन, फ्रँक

(३१ ऑगस्ट १९३५ – ७ फेब्रुवारी २०१९). ख्यातनाम अमेरिकन बेसबॉलपटू आणि अमेरिकेतील प्रमुख व्यावसायिक बेसबॉल संघांचा पहिला कृष्णवर्णीय व्यवस्थापक. जन्म टेक्सस राज्यातील बोमाँट येथे. दहा भावंडांत तो सर्वांत धाकटा. त्याचे बालपण कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे गेले. शालेय बास्केटबॉल संघात, पुढे त्या खेळात जगप्रसिद्ध झालेला बिल रसेल हा त्याचा सहखेळाडू होता.

१९५३ मध्ये सिनसिनाटी रेड्स या संघाशी त्याचा करार झाला. आरंभी दक्षिणेकडील कोलंबिया येथील दुय्यम संघातून खेळताना त्यास वर्णभेदाचा कटू अनुभव आला. १९५६ साली तो रेड्सच्या मुख्य संघात आला आणि पहिल्याच हंगामात ३८ होमरन काढून त्याने नवोदित खेळाडूच्या तत्कालीन उच्चांकाशी बरोबरी केली. पिचरच्या माऱ्याची तमा न बाळगता होम प्लेटच्या अगदी निकट उभे राहून खेळण्याची त्याची पद्धत होती. परिणामी त्याच्या कारकीर्दीत चेंडू १९८ वेळा त्याच्या अंगावर आदळला. १९६१ मध्ये तो नॅशनल लीगचा सर्वाधिक मोलाचा खेळाडू ठरला.

वय उतरणीस लागले, असे मानून रेड्सने डिसेंबर १९६५ मध्ये त्यास बॉल्टिमोर ओरिओल्स संघाकडे धाडले. हा अंदाज साफ चुकला. १९६६ च्या हंगामात फलंदाजीची सरासरी (०·३१६), होमरन (४९) आणि संघास मिळवून दिलेल्या धावा (१२२) या तिन्ही बाबतींत तो अमेरिकन लीगमध्ये अग्रस्थानी राहिला. त्याच वर्षी ओरिओल्सने वर्ल्ड सिरीज जिंकली व रॉबिन्सन अमेरिकन लीगचाही सर्वाधिक मोलाचा खेळाडू ठरला. दोन्ही लीगमध्ये हा मान मिळविणारा तो पहिला खेळाडू होय. २०२४ साली शोहेई ओतानी या जपानी खेळाडूस तो मान मिळेपर्यंत रॉबिन्सन याबाबतीत एकमेव होता. मात्र ज्या शहरासाठी तो खेळत होता, त्या बॉल्टिमोरमध्ये वर्णभेदामुळे त्यास राहण्यास घर मिळणे अवघड गेले.

बेसबॉलमधील व्यवस्थापक हा कार्यालयीन अधिकारी नसतो. खेळाडूंची निवड, फलंदाजीचा क्रम व ऐन सामन्यात पिचर बदलण्याचा निर्णय त्याच्या हाती असतो. या दृष्टीने क्रिकेटमधील कर्णधाराशी त्याचे काहीसे साम्य आहे. जॅकी रॉबिन्सन याने १९४७ मध्ये प्रमुख लीगमधील वर्णबंदी मोडली. तथापि त्यानंतर पाव शतक उलटले, तरी कृष्णवर्णीय व्यवस्थापक नेमला गेला नव्हता. त्यांच्यापाशी अनुभव नाही, असे कारण पुढे केले जाई. परंतु ज्या दुय्यम संघांत हा अनुभव मिळावयाचा, तेथील पदेही त्यांना क्वचितच दिली जात. फ्रँक रॉबिन्सनने यावर स्वतःच मार्ग शोधला. १९६८ पासून तो प्वेर्तो रीकोतील हिवाळी स्पर्धांत सांतूर्से संघाचा व्यवस्थापक म्हणून काम करू लागला. खेळाडू म्हणून कारकीर्द चालू असतानाच त्याने ही तयारी केली. जॅकी रॉबिन्सनने ऑक्टोबर १९७२ मध्ये, मृत्यूपूर्वी अवघे काही दिवस, कृष्णवर्णीय व्यवस्थापक पाहावयास मिळावा अशी इच्छा जाहीरपणे व्यक्त केली होती.

३ ऑक्टोबर १९७४ रोजी क्लीव्हलँड संघाने फ्रँक रॉबिन्सनची खेळाडू-व्यवस्थापक म्हणून नेमणूक केली. ८ एप्रिल १९७५ रोजी जॅकीची पत्नी रेचेल हिच्या उपस्थितीत त्याचा पहिला सामना झाला. पहिल्याच फलंदाजीत त्याने होमरन काढला व क्लीव्हलँडने न्यूयॉर्क यांकीज संघावर ५–३ असा विजय मिळविला. ज्येष्ठ पिचर गेलॉर्ड पेरी याच्याशी मात्र त्याचे पटले नाही व पेरी त्याच वर्षी संघातून गेला. १९७६ मध्ये संघाने ८१ सामने जिंकले व ७८ गमावले. विजय पराजयांपेक्षा अधिक असण्याची १९६८ नंतरची ही पहिलीच वेळ होती; तरीही जून १९७७ मध्ये त्यास पदावरून दूर करण्यात आले.

पुढे सॅन फ्रॅन्सिस्को जायंट्सचे व्यवस्थापन (१९८१–८४) करताना तो नॅशनल लीगमधीलही पहिला कृष्णवर्णीय व्यवस्थापक ठरला. १९८७ मध्ये एका संघाच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने कृष्णवर्णीयांच्या नेतृत्वक्षमतेविषयी दूरचित्रवाणीवर शंका व्यक्त केली, तेव्हा प्रमुख लीगमधील एकाही संघाचा व्यवस्थापक कृष्णवर्णीय नव्हता. १९८८ च्या आरंभी ओरिओल्स संघ सलग सहा सामने हरल्यावर त्याची सूत्रे रॉबिन्सनकडे आली. ही पराभवांची मालिका २१ सामन्यांपर्यंत लांबली व त्या हंगामात संघाने १०७ सामने गमावले. पुढच्याच वर्षी त्याच संघाने ८७ सामने जिंकले. गटविजेतेपद अगदी थोडक्यात हुकले. ते सिटो गॅस्टन या दुसऱ्या कृष्णवर्णीय व्यवस्थापकाच्या टोराँटो संघाने मिळविले. १९८९ चा अमेरिकन लीगमधील सर्वोत्कृष्ट व्यवस्थापकाचा पुरस्कार रॉबिन्सनला लाभला. माँट्रिऑल एक्स्पोज व तोच संघ वॉशिंग्टनला हलविल्यावर वॉशिंग्टन नॅशनल्स यांची सूत्रे त्याने २००२ ते २००६ पर्यंत सांभाळली.

खेळाडू म्हणून त्याने ५८६ होमरन काढले. निवृत्तीच्या वेळी केवळ हँक एरन, बेब रूथ व विली मेज हे तिघेच त्याच्या पुढे होते. व्यवस्थापक म्हणून त्याच्या खाती १,०६५ विजय व १,१७६ पराजय आहेत. त्याच्याकडे बहुधा दुर्बल किंवा अडचणीतील संघच सोपविले गेले, हे ध्यानी घेऊनच या आकड्यांचा विचार करावा लागतो. पहिली नेमणूक ऐतिहासिक होतीच. परंतु बडतर्फीनंतरही तीन वेळा त्याची पुन्हा निवड झाली, ही गोष्ट अधिक अर्थपूर्ण आहे. गौरवर्णीय व्यवस्थापकास अपयशानंतर दुसरी संधी सहज मिळे. कृष्णवर्णीयासही ती मिळू शकते, हे त्याच्या कारकीर्दीने प्रस्थापित केले.

बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये १९८२ साली त्याचा समावेश झाला व २००५ मध्ये ‘प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम’ या सन्मानाने त्यास गौरविण्यात आले. सिनसिनाटी, बॉल्टिमोर व क्लीव्हलँड या तिन्ही संघांनी त्याचा २० हा क्रमांक अन्य खेळाडूस न देण्याचे ठरविले. लॉस अँजेल्स येथे तो निधन पावला.