तळे राखील तो

पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदेमळणीला, आपल्या मराठवाड्यात बैलजोड्या पाण्यावर न्यायची रीत आहे. ओढा वाहता असला तर ओढ्यावर, नाही तर गावतळ्यावर. बैल धुतले जातात आणि त्यांच्या निमित्ताने पोरेही मनसोक्त डुंबून घेतात. काठावर कुणी वडीलधारा बसलेला असतो. त्याचे एक डोळा बैलांवर आणि एक डोळा पोरांवर असतो. "अरे, त्या अंगाला जाऊ नको, तिथे खोल आहे," एवढे तो अधूनमधून ओरडतो, बाकी काही करत नाही. पण त्याचे तिथे बसणे हेच मोठे काम असते.

तळे राखील तो पाणी चाखील, अशी आपली म्हण आहे. आपण ती बहुधा चेष्टेने वापरतो; राखणदारानेच हात मारला की म्हणतो. परंतु म्हणीत राखणे आधी आले आहे आणि चाखणे मागून. आज लहान तळ्यांच्या या राखणीविषयीच थोडे बोलायचे आहे. मोठ्या धरणांना इंजिनियर असतात, चौकीदार असतात, वह्या असतात. लहान तळ्याला कोण असते?

दूर कशाला, आपल्या छत्रपती संभाजीनगरातली पाणचक्कीच पाहा. शाळेच्या सहलीत आपण सर्वांनी ती पाहिली असेल. बाबा शाह मुसाफिर या सूफी साधूच्या दर्ग्याच्या आवारात, खाम नदीच्या काठी, १७व्या शतकाच्या अखेरीपासून १८व्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत हे काम टप्प्याटप्प्याने उभे राहिले. काही मैलांवरच्या डोंगरातून मातीच्या नळांनी पाणी आणले, ते उंच भिंतीतून वर चढवले आणि वरून हौदात सोडले. त्या पाण्याच्या जोरावर जाते फिरे आणि दर्ग्यात उतरणाऱ्या फकिरांसाठी, विद्यार्थ्यांसाठी, वाटसरूंसाठी पीठ निघे. या शहराला नळाने पाणी आणण्याची विद्या त्याआधीच ठाऊक होती. मलिक अंबरने १६१० साली खडकी वसवली आणि तिच्यासाठी जमिनीखालून नहर खेळवली, ती नहर-ए-अंबरी. पाणचक्कीवाल्यांनी त्याच परंपरेत काम केले.

पण मला सांगायचे आहे ते तिथल्या लांबट हौदाविषयी. त्याची लांबी दीडशे फुटांहून अधिक आणि रुंदी तीस फुटांच्या आसपास आहे. पुष्कळांना ठाऊक नसते की या हौदाचा तळ म्हणजेच खालच्या दालनाचे छत आहे. वर हौद भरलेला, मासे फिरताहेत, कारंजी उडताहेत आणि खाली भक्कम खांबांच्या आधाराने उभ्या असलेल्या गारेगार दालनात माणसे उन्हाळ्याची दुपार घालवताहेत. आता विचार करा, डोक्यावर एवढे पाणी घेऊन माणूस निर्धास्त कसा बसतो? बांधणाऱ्याने खांब जाड घेतले म्हणून बसतो, आणि जादा झालेल्या पाण्याला खाम नदीत जायची वाट आधीच करून ठेवली म्हणून बसतो. हौद कितीही भरला तरी ठरलेल्या पातळीच्या वर पाणी चढायचे नाही. पाणी साठवण्याआधी त्याच्या जाण्याची सोय करायची, हा धडा तिथे दगडात बांधून ठेवला आहे. आणि दर्ग्याची व्यवस्था पाहणारी माणसे तिथेच राहत, म्हणून गळती कुठे, नळ कुठे तुंबला, हे कळायला वेळ लागत नसे.

वेरूळला घृष्णेश्वराच्या दर्शनाला जाणारे शिवालय तीर्थाचे कुंडही पाहतात. त्याच्या चारी बाजूंनी पायऱ्या उतरत गेल्या आहेत आणि त्यांवर आठ लहान देवळे आहेत. पायरी ही देवाच्या स्नानासाठी, हे खरेच. पण पायरी असली की पाय घसरलेल्या माणसाला हाताला धरायला काठ मिळतो, पाय टेकायला जागा मिळते. जुन्या बारवा, कुंडे, घाट बांधणाऱ्यांनी माणूस पाण्यात उतरणारच, हे गृहीत धरले होते, म्हणून बाहेर येण्याची वाटही त्यांनी ठेवली.

खाजगी तळ्यांचा फार मोठा इतिहास आपल्याच राज्यात, विदर्भात आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागांत मालगुजारांनी बांधलेली हजारो तळी आहेत. कोहळी समाजाची माणसे या कामात मोठी वाकबगार. तळे मालगुजाराचे, पण पाळीवर माती टाकायला, गाळ काढायला गाव लागे, आणि धानाला पाणी वाटायला पाणकर नेमलेला असे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली. कुळांच्या दृष्टीने ते न्यायाचेच झाले. परंतु तळी सरकारजमा झाली आणि रोज पाळीवरून फेरी मारणारा माणूस मात्र पुष्कळ ठिकाणी उरला नाही. तळी गाळाने भरली, पाळींवर झुडपे माजली. मालकी कुणाची, या प्रश्नाचे उत्तर कायद्याने दिले. राखण कुणाची, हा प्रश्न तसाच राहिला.

राखण सुटली की काय होते, हे महाराष्ट्राने फार मोठी किंमत देऊन पाहिले आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे मातीचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खालचे खडकवासला फुटले आणि पुणे शहरात हाहाकार उडाला. पानशेतचे काम पुरे झाले नव्हते. पाणी सोडण्याच्या मार्गाचे काम अपुरे असतानाच त्या पावसाळ्यात पाणी साठले होते. ते धरण मोठे होते. पण २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यात तिवऱ्याचे धरण फुटले, ते लहानच होते. वीसहून अधिक माणसे गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधी केलेली होती.

मातीचा बांध एकाएकी फुटत नाही, श्रोतेहो, तो आधी सांगतो. सांडवा गाळाने, काटक्यांनी तुंबला की पाणी बांधाच्या माथ्यावरून वाहू लागते आणि माती कापत नेते. उंदीर-घुशींची बिळे, वाळलेल्या झाडांची कुजलेली मुळे यांतून पाणी आतल्या आत वाट काढते. पायथ्याशी निवळ पाणी पाझरत असेल तर लक्ष ठेवावे. पण पाझर गढूळ झाला, तर आतली माती वाहून चालली असे समजावे आणि त्याच घटकेला खालच्या वस्तीला सावध करावे.

२०२१ साली देशात धरण सुरक्षा कायदा झाला. तो पंधरा मीटरांहून उंच धरणांना, आणि दहा ते पंधरा मीटरांमधल्या काही ठरावीक धरणांना लागू आहे. तुमच्या-आमच्या पाझर तलावांकडे, शेततळ्यांकडे पाहायला त्या कायद्याचा माणूस येणार नाही. ते आपल्यालाच पाहिले पाहिजे.

आणि शेततळी आता थोडी नाहीत. २०१६ साली राज्यात 'मागेल त्याला शेततळे' ही योजना निघाली. दुष्काळात मोसंबीच्या बागा जळताना ज्यांनी पाहिल्या, त्यांना शेततळ्याची किंमत सांगावी लागत नाही. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि तीन मीटर खोल असे उतरत्या काठांचे तळे धरले, तर त्यात सुमारे वीस लाख लिटर पाणी मावते. पाणी मुरू नये म्हणून पुष्कळ जण आत प्लास्टिकचा कागद अंथरतात. मातीच्या काठात पायाची बोटे रुतवता येतात. या कागदावर पाय ठरत नाही. त्यावर शेवाळ धरले की तो साबणासारखा होतो. पट्टीचा पोहणारासुद्धा काठाशी येऊन वर चढू शकत नाही. तीन मीटर म्हणजे जवळजवळ दोन पुरुष पाणी. उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरे पोहायला जातात, गुरे राखणारा पाणी प्यायला वाकतो, एक घसरतो आणि त्याला काढायला दुसरा उडी घेतो. अशी एकाच घरातली दोन-दोन माणसे गेल्याच्या बातम्या आपण दरवर्षी ऐकतो.

मग पोरांनी पाण्यात खेळूच नये काय? तसे म्हणून ती ऐकणार नाहीत, आणि म्हणूही नये. पूर्वी पाठीला वाळका भोपळा बांधून, कमरेला दोर लावून विहिरीत पोहणे शिकवीत. दोराचे दुसरे टोक काकाच्या हातात असे. पोहणे शिकवावेच. मात्र शेततळे ही पोहण्याची जागा नव्हे, हेही त्याबरोबर शिकवावे. शेततळ्याला चहूबाजूंनी कुंपण आणि कुलपाचे दार असावे. चारही अंगांना गाठी मारलेले जाड दोर काठावरच्या खुंटांना बांधून आत पाण्यापर्यंत सोडावेत. फुगवलेली एखादी मोटारची ट्यूब आणि लांब बांबू काठावर असावा. तळे खणायला जो खर्च येतो, त्याच्या मानाने हा खर्च काहीच नाही. आणि कुणी पडले तर उडी न घेता दोर, बांबू, धोतर, लुगडे, जे हाती येईल ते त्याच्याकडे टाकावे.

गुरुजींना आणि बाईंना एक विनंती आहे. पाणचक्कीची सहल काढाल तेव्हा जाते दाखवून परतू नका. मुलांना खालच्या दालनात घेऊन जा आणि विचारा, आपल्या डोक्यावर काय आहे? मग जादा पाणी कुठून जाते ते त्यांना शोधू द्या. परत आल्यावर आपापल्या गावच्या तळ्याची पाहणी करायला सांगा: सांडवा कुठे, पायरी कुठे, दोर कुठे, आणि राखणारे कोण. या चौथ्या प्रश्नाला मुले घरी जाऊन उत्तर विचारतील, तेव्हा ते उत्तर थोरांना द्यावे लागेल. पोळ्याला काठावर बसणाऱ्या त्या वडीलधाऱ्याची जागा रिकामी असेल, तर ती कुणी घ्यायची, हे त्या दिवशी घरात ठरावे.