सातासमुद्रापलीकडचे आवाज

इंदूरच्या जुन्या मराठी वस्त्यांतला एखादा वाडा पाडायला निघाला की माळ्यावरचे सामान अंगणात येते. तांब्या-पितळेची भांडी भावंडे वाटून घेतात. पाट, चौरंग, देव्हारा यांनाही कुणी ना कुणी धनी मिळतो. उरतो तो लाकडी पेटीतला वाल्व्हचा रेडिओ. तो भंगारवाल्याच्या हातगाडीवर जातो. जाताना त्याच्या काचेवरची नावे मात्र अजून वाचता येतात : मुंबई, दिल्ली, कोलंबो, लंडन.

आमच्या पिढीने जगाचा नकाशा शाळेच्या भिंतीवर पाहिला, त्याआधी तो या काचेवर पाहिला. म्हणून त्या रेडिओची आणि रात्री जागून परदेशी केंद्रे शोधण्याच्या छंदाची ही हकिकत इथे नोंदवून ठेवत आहोत.

रेडिओ घरी आणणे ही तेव्हा सोपी गोष्ट नव्हती. पोस्टात वार्षिक शुल्क भरून परवाना घ्यावा लागे. गच्चीवर दोन बांबूंच्या मध्ये तांब्याच्या जाळीची पट्टी एरियल म्हणून ताणली जाई. बटण फिरवले की लगेच आवाज येत नसे. वाल्व्ह तापेपर्यंत थांबायचे. मग काही सेटांवरचा हिरवा डोळा उघडे आणि खरखर सुरू होई. आकाशवाणीचे इंदूर केंद्र सुरू झाले १९५५ साली. नागपूर केंद्र त्याआधीचे, १९४८चे. म्हणजे इंदुरात घरच्या घरी मराठी शब्द ऐकायचा, तर तो दुरूनच यायचा. दूरचे ऐकण्याची सवय आम्हाला छंद म्हणून लागण्याआधी गरज म्हणून लागली.

या सवयीचे मूळ दुसऱ्या महायुद्धात सापडते. बीबीसीने १ मार्च १९४२ रोजी लंडनहून मराठी प्रसारण सुरू केले. ते १९५८च्या डिसेंबरपर्यंत चालले. कादंबरीकार जॉर्ज ऑर्वेल १९४१ ते १९४३ या काळात बीबीसीच्या पौर्वात्य विभागात होते. त्यांनी इंग्रजीत लिहिलेल्या युद्धवार्तापत्रांची मराठी रूपांतरे प्रसारित होत. त्यांच्या सहकाऱ्यांत वेणू चितळे ही मराठी लेखिका होती. त्याच १९४२ साली जर्मनीहून नेताजी सुभाषचंद्र बोस यांचे आझाद हिंद रेडिओ सुरू झाले, आणि त्यावरही मराठीत बातम्या दिल्या जात. एक मराठी लंडनहून येणारी, एक जर्मनीहून. दोघींचे म्हणणे एकमेकींच्या विरुद्ध. शत्रूकडच्या बातम्या चारचौघांत बोलणे धोक्याचे होते. तेव्हा दारे लावून, आवाज बारीक करून, कान पेटीला लावून ऐकणे आले. बातमी कुणाची, ती तसे का सांगतो आहे, हे पारखायला वडीलधारे तिथेच शिकले असावेत.

स्वातंत्र्यानंतर भीती गेली, पण परदेशी केंद्राची ओढ वाढली. तिला कारण झाले आपलेच सरकार. १९५२ साली डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. माणूस पुण्याचा, शास्त्रीय संगीताचा चाहता. त्यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ नाहीशी झाली. ती मग ऐकू आली समुद्रापलीकडून. युद्धकाळात माउंटबॅटन यांच्या आग्नेय आशिया कमांडने सैनिकांसाठी उभारलेली प्रक्षेपण यंत्रणा पुढे सिलोनच्या हाती आली होती. त्या शक्तिशाली यंत्रणेवरून रेडिओ सिलोन हिंदी गाणी लावू लागले. ३ डिसेंबर १९५२ या बुधवारी अमीन सयानी यांची बिनाका गीतमाला सुरू झाली. कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण मुंबईत होई, फिती विमानाने कोलंबोला जात आणि तिथून तो आवाज लहरींवर बसून पुन्हा भारतात येई. इंदूर ते कोलंबो अंतर सुमारे अठराशे किलोमीटर. लता मंगेशकरांचा जन्म आमच्या या गावचा, १९२९चा. आणि त्यांचे गाणे आम्ही ऐकायचे ते लंकेहून!

केसकरांवर राग धरणारे तेव्हा पुष्कळ होते. पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. १९५२ सालीच त्यांच्या काळात शनिवारी रात्रीचा शास्त्रीय संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम सुरू झाला. ज्या गावात उस्ताद अमीर खाँसाहेब राहिले, त्या गावाला त्याचे मोल कुणी सांगायला नको. अनेक घरांत तडजोड ठरलेली होती : बुधवार मुलांचा, शनिवार आजोबांचा. पुढे १९५७ साली विविध भारती आली, तरी सिलोनची गोडी लगेच ओसरली नाही.

सिलोन सहज लागे. खरा छंद सुरू झाला तो सहज न लागणाऱ्या केंद्रांपासून. हे सारे प्रसारण आज ज्याला एएम म्हणतात त्या पद्धतीचे. मीडियम वेव्ह आणि शॉर्टवेव्ह दोन्ही त्यातच येतात. वातावरणात साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवरचा एक विद्युतभारित थर दिवसा मीडियम वेव्हच्या लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो, आणि त्याहून वरच्या थरांवर आदळून लहरी शेकडो, कधी हजारो किलोमीटर दूर उतरतात. हे वरचे थर इंग्लंडमध्ये अ‍ॅपलटन यांनी १९२४ साली प्रयोगाने सिद्ध केले, त्यासाठी त्यांना १९४७चे नोबेल मिळाले. आपल्याकडे कोलकात्यात शिशिरकुमार मित्र यांनी याच विषयात मोठे काम केले. आम्हाला यातले काही ठाऊक नव्हते. दिवे लागल्यावर दूरची केंद्रे जागी होतात आणि थंडीच्या लांब रात्री ती जास्त स्वच्छ येतात, एवढे अनुभवाने कळले होते.

ट्रान्झिस्टर आल्यावर छंद गच्चीवर गेला. सुई केसभर हलवायची, खरखरीत एखादी अनोळखी भाषा सापडली की श्वास रोखून केंद्राचे नाव ऐकायचे. वहीत तारीख, वेळ, मीटर, काय ऐकले ते लिहायचे. आवाजाचा जोर, दुसऱ्या केंद्राचा अडथळा, खरखर, चढउतार आणि एकूण स्पष्टता यांना एक ते पाच गुण द्यायचे. हा अहवाल पत्राने केंद्राला पाठवला की काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, उत्तर येई : ‘आपण ऐकलेत ते आमचेच केंद्र’ असे सांगणारे छापील रंगीत कार्ड. जर्मनी, हॉलंड, जपान, ऑस्ट्रेलिया! पोस्टमन ते पाकीट देताना तिकिटाकडे बघत थोडा रेंगाळे. घरचे विचारत, ‘यातून मिळते काय?’ आम्हाला सांगता येत नसे. आज सांगता येते. आपल्यासाठी न बोलणाऱ्या माणसाचेही शेवटपर्यंत ऐकून घ्यायची सवय मिळाली.

आता ती केंद्रे एकेक करून मुकी होत आहेत. बीबीसीचे हिंदी शॉर्टवेव्ह प्रसारण ३१ जानेवारी २०२० रोजी संपले. जी उरली आहेत, ती शहरातल्या इन्व्हर्टर आणि एलईडी दिव्यांच्या गोंगाटात बुडतात. त्याला आपण फारसे काही करू शकत नाही. पण एक गोष्ट आमच्या हातची होती आणि ती आम्ही घालवली. वाडा सोडताना कार्डांचा डबा आणि दोन वह्या रद्दीत गेल्या. कुणी फसवले नाही. आम्हालाच त्यांची किंमत वाटली नाही. लंडनहून आणि जर्मनीहून आलेली ती मराठी ऐकणारी माणसेही आता जवळजवळ राहिली नाहीत. त्यांनी काय ऐकले, घाबरत कुणाला सांगितले, हे आम्ही वेळेत विचारले नाही.

म्हणून मंडळाच्या सभासदांना एवढीच विनंती. गौरी-गणपतीच्या साफसफाईत माळ्यावर एखादा जुना रेडिओ, परवान्याचे पुस्तक, परदेशी शिक्क्याचे कार्ड सापडले, तर ते रद्दीत टाकण्याआधी घरातल्या सर्वांत वयस्कर माणसासमोर ठेवा. शेजारी बसा आणि ते काय सांगतात ते मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा. सुरुवातीला थोडी खरखर होईल. थांबा, आवाज येईल.