जुना संगणक सुरू होत नसल्यास

संगणकाच्या सुट्या भागांसाठी बंगळूरु येथील एस. पी. रोडची बाजारपेठ प्रसिद्ध आहे. अशा भागांच्या साहाय्याने जुन्या संगणकांची दुरुस्ती अनेकदा शक्य होते. त्यामुळे बंद पडलेला संगणक भंगारात काढण्यापूर्वी पुढील तपासणी करावी. हार्ड डिस्क शाबूत असल्यास छायाचित्रे व कागदपत्रेही परत मिळू शकतात.

पंखा फिरत नसल्यास : विद्युत जोडणी आणि पॉवर सप्लाय तपासावा. पॉवर सप्लायची पेटी मात्र घरी उघडू नये. वीज बंद केल्यानंतरही तिच्यात विद्युतभार राहू शकतो.

बीप ऐकू येऊन पडदा कोरा राहिल्यास : बहुधा रॅमचा संपर्क सैल झालेला असतो. वायर काढून, रॅमची पट्टी खोडरबराने पुसून पुन्हा घट्ट बसवावी.

तारीख व वेळ वारंवार चुकत असल्यास : मदरबोर्डवरील बॅटरी संपलेली असते. बहुतेक संगणकांत ती सीआर २०३२ या प्रकारची, ३ व्होल्टची असते.

विंडोज अर्धवट थांबल्यास : एक्सपी किंवा विंडोज ७ मध्ये आरंभी एफ८ कळ दाबून सेफ मोड निवडावा.

हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असल्यास संगणक तत्काळ बंद करून तज्ज्ञाची मदत घ्यावी.

दुरुस्ती अशक्य ठरल्यास हार्ड डिस्क काढून घ्यावी व उर्वरित संगणक अधिकृत ई-कचरा केंद्राकडे सोपवावा. अशा कचऱ्यावर प्रक्रिया करणारा ‘ई-परिसरा’ प्रकल्प बंगळूरुजवळ २००५ मध्ये सुरू झाला.