गॅलियम आर्सेनाइडवरील धातुसंपर्क : रासायनिक स्थैर्य

गॅलियम आर्सेनाइड या संयुगी अर्धवाहकावर बसवलेला धातूचा थर तापवल्यावर किंवा दीर्घ वापरानंतरही न बदलता टिकण्याचा गुण. सिलिकॉनवर धातू तापवला, तर बहुधा एक सिलिसाइड तयार होऊन विक्रिया थांबते. येथे धातूला दोन मूलद्रव्यांशी सामना करावा लागतो : तो गॅलियमशीही जुळतो, आर्सेनिकशीही. शिवाय आर्सेनिक बाष्पनशील असल्याने उष्णतेत ते पृष्ठभागातून निसटते.

सर्वांत रूढ ओहमिक (दोन्ही दिशांनी प्रवाह सहज जाऊ देणारा) संपर्क सोने, जर्मेनियम व निकेल यांचा आहे. एन. ब्रास्लाउ व सहकाऱ्यांनी 1967 मध्ये तो मांडला. वजनाने 88 टक्के सोने व 12 टक्के जर्मेनियम यांचे मिश्रण सुमारे 360 अंश से.ला वितळते, थर 400 ते 450 अंशांपर्यंत तापवतात. सोने स्फटिकातील गॅलियम ओढून घेते, रिकाम्या जागी जर्मेनियमचे अणू बसतात आणि पृष्ठभागाजवळ इलेक्ट्रॉनांची घनता वाढते. म्हणजे हा संपर्क चालतो तोच मुळी विक्रियेमुळे, आणि पुढे बिघडतोही त्याच विक्रियेमुळे. नंतर पुन्हा तापवल्यास सोने-गॅलियम संयुगे वाढत जातात, धातू खाली असमान रुततो व रोध वाढतो. त्याला स्थिर म्हणण्यापेक्षा विक्रिया सोयीच्या टप्प्यावर थोपवलेला संपर्क म्हणणे अधिक योग्य.

ट्रान्झिस्टरच्या फाटकासाठी (गेट) वापरल्या जाणाऱ्या, एकाच दिशेने प्रवाह जाऊ देणाऱ्या शॉटकी संपर्काची अडचण वेगळी. तेथे विक्रिया मुळातच नको असते. टायटॅनियम-प्लॅटिनम-सोने या थरांत मधले प्लॅटिनम सोन्याचे विसरण अडवते. तरी उच्च तापमानात फाटकाचा धातू हळूहळू आत उतरतो आणि ट्रान्झिस्टरची प्रवाहवाहिनी अरुंद होते. अर्धवाहकात रोपित केलेले आयन सक्रिय करण्यासाठी सुमारे 800 अंशांचे तापन लागते. ते फाटक बसवल्यानंतर करायचे असेल, तर सोन्याचा उपयोग नाही. टंगस्टन सिलिसाइड निवडावे लागते.

खरे स्थैर्य ऊष्मागतिकीतून मिळते. धातू, गॅलियम व आर्सेनिक यांच्या त्रिघटकी प्रावस्था-आकृतीत गॅलियम आर्सेनाइडशी थेट समतोलात असलेले संयुगच निवडले, तर विक्रियेला कारणच उरत नाही. या विचारातून 1980 च्या दशकात कोबाल्ट गॅलाइड, निकेल ॲल्युमिनाइड, अर्बियम आर्सेनाइड यांच्याकडे संशोधक वळले. यांपैकी अर्बियम आर्सेनाइडची जालक-लांबी गॅलियम आर्सेनाइडपेक्षा जेमतेम दीड-दोन टक्क्यांनी अधिक असल्याने त्याचा एकस्फटिकी थर गॅलियम आर्सेनाइड वाढवलेल्या त्याच निर्वात कक्षात वाढवता येतो.