आठवीचा तेरावा धडा, बीडहून वाचताना

परीक्षेसाठी आधुनिक भारताचा इतिहास वाचणाऱ्या बीड जिल्ह्यातील विद्यार्थ्याला विचारून पाहा : तुझे गाव स्वतंत्र कधी झाले? बहुतेक वेळा उत्तर येते, १५ ऑगस्ट १९४७. हे उत्तर भारताच्या बाबतीत बरोबर आहे, गावाच्या बाबतीत नाही. त्या दिवशी बीड, अंबाजोगाई, गेवराई, माजलगाव येथे सत्ता होती ती निजाम मीर उस्मान अली खान यांची. ती संपली १७ सप्टेंबर १९४८ रोजी. मधल्या ३९९ दिवसांविषयी, आणि त्यांच्या मागच्या-पुढच्या काळाविषयी, हा धागा.

राज्याच्या आठवीच्या पाठ्यपुस्तकात बारावा धडा 'स्वातंत्र्यप्राप्ती', तेरावा 'स्वातंत्र्यलढ्याची परिपूर्ती' आणि चौदावा 'महाराष्ट्र राज्याची निर्मिती'. हैदराबाद येते तेराव्यात, काश्मीर आणि गोव्याच्या सोबतीने. मुंबई-पुण्याहून पाहिले तर हा क्रम स्वाभाविक आहे : आधी स्वातंत्र्य मिळाले, मग राहिलेली कामे पूर्ण झाली. बीडहून पाहिले तर ज्याला 'परिपूर्ती' म्हटले आहे तोच आपला मूळ लढा ठरतो. म्हणून माझी सूचना अशी की तेरावा धडा शेवटी एकटा वाचू नये. वहीचे पान उभे दुमडावे, डाव्या रकान्यात ब्रिटिश हिंदुस्थान लिहावा, उजव्यात हैदराबाद संस्थान, आणि सविनय कायदेभंगापासून दोन्ही रकाने सोबत भरत यावे.

डावीकडे १९३० : मिठाचा सत्याग्रह. उजवीकडे पान जवळजवळ कोरे. ते कोरे का, हे समजून घेणे म्हणजेच अर्धा अभ्यास. संस्थानांच्या अंतर्गत कारभारात थेट न उतरण्याचे काँग्रेसचे धोरण होते; १९३८च्या हरिपुरा अधिवेशनातही संस्थानी प्रजेने आपला लढा आपल्याच संघटनांमार्फत लढवावा, अशीच भूमिका घेतली गेली. आणि संस्थानात संघटना उभारणेच कठीण होते. 'गश्ती निशान ५३' या फर्मानाने सार्वजनिक सभेसाठी पूर्वपरवानगी आवश्यक केली होती. कारभाराची भाषा उर्दू, नाणे स्वतंत्र, तो 'हाली सिक्का'. १६ जिल्ह्यांपैकी ८ तेलुगू, ५ मराठी आणि ३ कन्नड भाषकांचे. तरी उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दूच.

अशा ठिकाणी राजकारण शाळेतून सुरू होते. व्यंकटेश भवानराव खेडगीकर, म्हणजेच स्वामी रामानंद तीर्थ, हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेतून १९३५ साली अंबाजोगाईला आले. तेव्हा गावाचे सरकारी नाव मोमिनाबाद होते. येथील योगेश्वरी शाळेत त्यांनी काम केले आणि १९३८ साली शाळा सोडून ते पूर्णवेळ लढ्यात उतरले. आज अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयाला त्यांचे नाव आहे. तिथे उपचारासाठी जाणाऱ्या किती जणांना ते या गावात शिक्षक होते हे ठाऊक असेल, याची मला शंका वाटते.

१९३८ हे वर्ष उजव्या रकान्यात ठळक लिहावे. हैदराबाद स्टेट काँग्रेसवर ती रीतसर स्थापन होण्यापूर्वीच बंदी आली. ती १९४६पर्यंत टिकली. बंदीविरुद्ध सत्याग्रह झाला, स्वामीजींना अटक झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस औरंगाबादचे इंटरमिजिएट कॉलेज आणि हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ येथील विद्यार्थ्यांनी वसतिगृहात 'वंदे मातरम्' म्हणण्यावरच्या बंदीला विरोध केला. त्यांना काढून टाकण्यात आले. अनेकांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांच्यापैकीच एक. परीक्षेची तयारी करणाऱ्याने येथे क्षणभर थांबावे. या मुलांनी परीक्षेची जागा, वसतिगृह आणि पदवी पणाला लावली होती, तीही पुढे विलीनीकरण होईल याची कोणतीच खात्री नसताना.

आता १५ ऑगस्ट १९४७. डावीकडे लाल किल्ला नव्हे, जामखेड आणि पाथर्डी लिहा. हे तालुके अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे मुंबई प्रांतात. त्यांना लागून असलेली आष्टी निजामाच्या राज्यात. शिव ओलांडली की देश बदलत होता. त्याच दिवशी स्वामीजींना अटक झाली. पुढे नगर-सोलापूरच्या हद्दीत स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी सीमेवरचे कॅम्प उभारले. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी निजाम आणि भारत सरकार यांच्यात 'जैसे थे' करार झाला. दरम्यान लातूरचा वकील कासिम रझवी याच्या रझाकारांची दहशत वाढत गेली. तिचे बळी केवळ हिंदू नव्हते. विलीनीकरणाच्या बाजूने लिहिणारे 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांचा ऑगस्ट १९४८मध्ये खून झाला. 'हैदराबादचा लढा म्हणजे हिंदू विरुद्ध मुसलमान' असे सरसकट उत्तर लिहिण्याआधी हे एक नाव आठवावे.

१३ सप्टेंबरला भारतीय सैन्य संस्थानात शिरले. मोहिमेचे नाव 'ऑपरेशन पोलो', नेतृत्व मेजर जनरल जे. एन. चौधरी यांचे. मग लोक तिला 'पोलीस ॲक्शन' का म्हणतात? 'सकारण स्पष्ट करा'साठी याहून चांगला प्रश्न मला सुचत नाही. हैदराबादने ऑगस्टमध्येच संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे तक्रार केली होती आणि १६ सप्टेंबरला ती पॅरिसमध्ये चर्चेला आली. भारताच्या दृष्टीने हा दोन देशांतील संघर्ष नव्हता, अंतर्गत सुव्यवस्थेचा प्रश्न होता. रणगाडे वापरूनही शब्द 'पोलीस' राहिला तो त्यामुळे. १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली.

उत्तरपत्रिका येथे थांबते. इतिहास थांबत नाही, आणि बीडचा तर नाहीच. कारवाईनंतर अनेक गावांत मुस्लिमांवर सूडाचे हल्ले झाले. भारत सरकारने पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीला पाहणीसाठी पाठवले. समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार दिला; औरंगाबाद, बीड, नलगोंडा आणि मेदक या ४ जिल्ह्यांत मिळून किमान ५ हजार. सरकारने तो अहवाल प्रसिद्ध केला नाही. अनेक दशके तो वाचकांपर्यंत पोहोचला नाही. त्याच अहवालात हेही नोंदले आहे की काही ठिकाणी हिंदू विणकरांनी आपल्या मुस्लिम सहव्यावसायिकांना वाचवताना स्वतःचे प्राण गमावले. ही पाने वगळली तर मुक्तिसंग्रामाचे मोल वाढते असे काहींना वाटते. मला तसे वाटत नाही. ज्या लढ्याची मागणी नागरी हक्कांची होती, त्याच्या अभ्यासकाला प्रत्येक नागरिकाचा हिशेब ठेवावाच लागतो.

उजव्या रकान्यात उरल्या दोन तारखा. १ नोव्हेंबर १९५६ : हैदराबाद राज्याचे विभाजन होऊन मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात. १ मे १९६० : महाराष्ट्र. येथून पुढे दोन्ही रकाने एक होतात आणि चौदावा धडा सुरू होतो.

वही भरून झाली की घरातल्या किंवा शेजारच्या नव्वदीतल्या माणसाला विचारा, पोलीस ॲक्शनच्या वेळी तुम्ही केवढे होता? या जिल्ह्यात जन्मसाल ठाऊक नसलेली माणसे वय याच खुणेवरून सांगत आली आहेत. ऐकताना तारीख घालून लिहून घ्या. आणि एकाच मोहल्ल्यात विचारून थांबू नका.