तबकडीच्या अखेरचे नाव

संगीत रंगभूमीचा इतिहास आपण प्रामुख्याने वाचून शिकतो. आत्मचरित्रे, आठवणी, वृत्तपत्रांतील परीक्षणे ही आपली साधने. १९१६ मध्ये रंगभूमीवर आलेल्या खाडिलकरांच्या ‘स्वयंवर’ला चाली देणारे भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) कसे गात असत, याचे उत्तर आज केवळ समकालीनांच्या शब्दांतच शोधावे लागते, बुवांची एकही ध्वनिमुद्रिका उपलब्ध नाही. त्याच नाटकात रुक्मिणी उभी करणारे त्यांचे शिष्य बालगंधर्व मात्र तबकड्यांवर उरले. गुरूविषयी आपण वाचतो आणि शिष्याला ऐकतो. वाङ्मयाच्या अभ्यासकाला हा फरक किरकोळ वाटू नये, कारण वर्णन आणि आवाज ही दोन भिन्न जातींची साधने आहेत आणि दुसऱ्याची चिकित्सा करण्याची सवय आपल्याला फारशी नाही.

या साधनाचा आपल्याकडील आरंभ सर्वज्ञात आहे. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग नोव्हेंबर १९०२ मध्ये कोलकात्यात आले आणि त्यांनी गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले. गाणे संपताच गौहरजान इंग्रजीत आपले नाव सांगतात. पुढे अनेकांना या उच्चारात ठसका दिसला, अभिमान दिसला. त्याचे मूळ प्रयोजन मात्र व्यवहारी होते. मुद्रणाच्या मूळ तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हरला जात आणि प्रती तिथे निघत. तिथल्या कारागिरांना ना भाषा कळे ना गायक ओळखता येई. कोणत्या तबकडीवर कोणाच्या नावाचा कागद डकवायचा हे कळावे म्हणून नाव गाण्यातच सोडायचे, अशी ही सोय होती. १९०८ मध्ये कोलकात्यातच तबकड्यांचा कारखाना सुरू झाला आणि पुढे ही प्रथा हळूहळू मागे पडली. परंतु त्या पहिल्या काळातील तबकडीने स्वतःची ओळख स्वतःच्याच पोटात जपली, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

तबकडी म्हणजे मैफल नव्हे, हेही सांगणे आवश्यक आहे. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन-साडेतीन मिनिटे मावत. रंगभूमीवर ‘वन्समोअर’ घेत रंगत जाणारे पद इथे घाईने आटोपावे लागे. १९२५ च्या सुमारास विद्युत-ध्वनिमुद्रण येईपर्यंत गायकाला कर्ण्यात तोंड घालून गावे लागे. तंबोऱ्यासारखे नाजूक वाद्य त्यात जेमतेम उमटे. म्हणजे जे आपण ऐकतो ते त्या काळचे गाणे असतेच, शिवाय यंत्राशी केलेली तडजोडही असते.

आता हा ठेवा संगणकात उतरवण्याचे काम ठिकठिकाणी चालते. मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात तबकड्या हुडकणारे संग्राहक आणि १९९० पासून मुंबईत कार्यरत झालेली ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ यांचे या क्षेत्रावर मोठे ऋण आहे. हे काम म्हणजे नुसती नक्कल असा आमचा समज होता. तो चुकीचा होता. ते पाठचिकित्सेच्या जवळ जाणारे काम आहे. लाखेच्या तबकडीची खाच रुंद असते. तिला एलपीच्या सुईहून साधारण तिप्पट जाड सुई लागते. बारीक सुई तळाशी घसरत केवळ खरखर गोळा करते. ‘७८ फेऱ्या’ हे प्रमाणही आरंभीच्या काळात काटेकोर पाळले गेले नव्हते. ७८ ची तबकडी ८२–८३ फेऱ्यांनी फिरवली की काळी एकमध्ये गाणारी व्यक्ती पांढरी दोनमध्ये गाऊ लागते, लयही चढते आणि आवाजाचा पोत पार बदलतो. खरखर काढून टाकण्याच्या मोहात वरच्या पट्टीतील ध्वनी गाळले, तर आवाजाची धारही त्यांच्यासोबत जाते. म्हणूनच जाणकार आधी जशीच्या तशी प्रत करून ठेवतात आणि स्वच्छतेचे प्रयोग दुसऱ्या प्रतीवर करतात. हस्तलिखित जसेच्या तसे उतरवावे आणि दुरुस्त्या वेगळ्या नोंदवाव्यात, हा आपल्या परिचयाचाच दंडक आहे.

हा दंडक आम्ही एकदा पाळला नाही. कागद पूर्ण झिजलेली, बहुधा पहिल्या दशकातील, एक तबकडी आमच्याकडे आली होती. स्त्रीचा आवाज, ओळखीचे नाट्यपद. ते संगणकात घेताना गाणे संपल्यानंतरचे चार-पाच सेकंद आम्ही कापले. खरखरीत कोणीतरी काहीतरी बोलल्यासारखे वाटत होते, आणि ते संगीत नव्हते. धारिकेला ‘नाट्यपद १’ असे नाव दिले. स्वच्छ न केलेली प्रत ठेवली नाही. पुढे घर बदलताना तबकडीचे तीन तुकडे झाले आणि ते रद्दीबरोबर गेले. कागदाभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यावर कोरलेला क्रमांकही त्यांच्यासोबत गेला. केवळ त्या क्रमांकावरून कंपनीच्या नोंदींत गायिकेचा माग काढता येतो, हे आम्हांला नंतर कळले.

ते पद आजही आमच्या संगणकात आहे. आवाज स्पष्ट आहे, तान दाणेदार आहे. विद्यार्थ्यांना ऐकवले की पहिला प्रश्न येतो, “कोण गातंय?” शंभर वर्षांपूर्वी, आपले नाव परमुलखात हरवू नये म्हणून त्या बाईंनी ते बहुधा स्वतः उच्चारले होते. हॅनोव्हरच्या अनोळखी कारागिरांनी ते जपून परत पाठवले. आमच्या हातून ते गेले. म्हणून जुनी तबकडी उतरवून घेणाऱ्या प्रत्येकाला आमची एवढीच विनंती आहे: सुई खाचेत टेकल्यापासून ती उचलली जाईपर्यंत सारे घ्या, कोरलेला क्रमांक लिहून ठेवा, कागदाचे छायाचित्र काढा. यातले इतिहासाचे काय आणि खरखर कोणती, हे ठरवण्याचा अधिकार आपल्यानंतर ऐकणाऱ्यांनाही असू द्यावा.